डोरीनचं वाण

अल बर्शा, दुबई
३ नोव्हेंबर २०२४

चि. ईशानी हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? तुझ्या शेजारच्या डोरीनबाईंचे गुडघे काय म्हणतात? त्यांच्या एका डोळ्याच्या कुत्र्याचं बरं आहे ना? आणि तुझी गाडी? इकडे मी ठीक आहे. आजीचं ब्लडप्रेशर ठीक, गुडघा तिच्या मनाला येईल तसा. तुझे आईबाबा कामात आहेत. तुझा धाकटा भाऊ कुशल धडधाकट आहे. मी मराठीत विचारतो, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि आमचं छान चाललं आहे.

पोस्टात पत्र तीन आठवडे अडकतं, म्हणून तू फोटो काढून पाठवतेस ते चालेल. पण लिहायचं हातानंच, आणि मराठीतच. डायनिंग टेबलावर दर शुक्रवारी तुला बाराखडी शिकवली, ती व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवण्यासाठी नाही.

तुझ्या गाडीला रोज संध्याकाळी भिंतीतल्या प्लगला जोडावं लागतं, नाहीतर इंजिन गोठतं, हे वाचून मी दोनदा चष्मा पुसला. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात अडतीस वर्षं गाड्यांची वायरिंग केली. कुणी शिकवलं नाही, जळलेल्या वायरी उघडून बघत शिकलो. पण आमच्याकडे गाडी यायची ती तापून. ती वायर उंदरांनी कुरतडलेली नाही ना, ते रोज बघत जा.

लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला मी सांगतो, नात अमेरिकेत मोंटानाला आहे, ब्राउनिंग नावाच्या गावात, ब्लॅकफीट लोकांच्या शाळेत लहान मुलांना गणित शिकवते. लोक विचारतात, ते लोक अजून आहेत? मी म्हणतो, आहेत म्हणजे काय, माझ्या नातीच्या शेजारी राहतात, चहात तीन चमचे साखर घालतात.

तू लिहिलंस की तिथल्या मुलांना तू एक-दोन-तीन त्यांच्याच भाषेत शिकवणार, आणि डोरीनबाई रोज आठ वाजता वर्गात येऊन तुला शब्द देणार. हे मला फार आवडलं. पण ती भाषा बोलणारी माणसं इतकी कमी कशी झाली? ते नीट लिही. आजीही विचारते आहे. लवकर लिही.

तुझा,
आजोबा

---

ब्राउनिंग, मोंटाना
२४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आजोबांस साष्टांग नमस्कार.

(असंच लिहायचं ना? शुद्धलेखनाच्या चुका लाल पेननं काढू नका, प्लीज.)

मी ठीक आहे. खोकला गेला. गाडी ठीक. वायर रोज बघते. इथे उणे अठरा आहे आणि लोक म्हणतात अजून थंडी सुरू झाली नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हे लोक स्वतःला पिकानी म्हणतात. त्यांचं सगळं जगणं बायसनवर होतं, त्याला ते इन्नी म्हणतात. गोऱ्या शिकाऱ्यांनी ते कळपच्या कळप संपवले. १८८३च्या हिवाळ्यात खायला काही उरलं नाही. सरकारनं करारात कबूल केलेलं धान्य वेळेवर आलं नाही. सहाशेच्या आसपास माणसं उपासमारीनं गेली. त्यांना पुरलेली टेकडी इथून जवळ आहे. मला वाटलं होतं तिथे मोठं स्मारक असेल. नुसतं गवत आहे, आणि वारा.

मग मुलांना बोर्डिंग शाळांत नेलं. डोरीनची आई सहा वर्षांची होती. केस कापले, आणि आपल्या भाषेत बोलली म्हणून तोंडात साबण घातला. मोठी झाल्यावर ती स्वतःच्या मुलांशी त्या भाषेत कधीच बोलली नाही. मुलांना साबण खावा लागू नये म्हणून. डोरीन शिकली ती आजीकडून, स्वयंपाकघरात, दार लावून. आता ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्यासारखे लहानपणापासून बोलणारे फार थोडे उरलेत. पण चाळीसेक वर्षांपूर्वी काही लोकांनी ठरवलं की मुलांना परत शिकवायचं. आमची शाळा त्यातूनच निघालेली, छोटीशी आहे.

आणि इन्नी परत आलेत. इथून नेलेल्या वासरांचे वंशज कॅनडात होते. त्यांची पिल्लं काही वर्षांपूर्वी आणली आणि गेल्या वर्षी जूनमध्ये डोंगराच्या पायथ्याशी काही मोकळी सोडली. माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणतो, ते वाट विसरले नव्हते.

डोरीन सध्या वर्गात येत नाही. थंडी आहे ना.

सगळ्यांना नमस्कार.

तुमची,
ईशानी

---

अल बर्शा
८ डिसेंबर २०२४

चि. ईशानी हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आजीला दोनदा वाचून दाखवलं. साबणाच्या ठिकाणी तिनं मला थांबवलं, आत गेली, थोड्या वेळानं आली आणि म्हणाली, पुढे वाचा.

आता एक विचारतो, राग मानू नकोस. चौऱ्याहत्तर हिवाळे त्याच गावात काढलेली बाई उणे अठराला घाबरून घरी बसेल का? गॅरेजमध्ये गिऱ्हाईक सांगायचं, गाडी अशीच बंद पडली हो, काही केलं नाही. मी बॉनेट उघडून गप्प उभा राहायचो. पाच मिनिटांत माणूस खरं बोलायचा.

तर मी बॉनेट उघडून उभा आहे.

तुझा,
आजोबा

---

ब्राउनिंग
२० डिसेंबर २०२४

ती. आजोबांस सा. न.

तुमच्यापासून काही लपत नाही.

नोव्हेंबरमध्ये डोरीनच्या नातीला तिचं पिकानी नाव मिळालं. शाळेच्या जिममध्ये सगळं गाव जमलं होतं. ढोल झाले, जेवण झालं. मग गिव्हअवे असतो. म्हणजे ज्यांच्या घरी आनंद आहे ते घर दुसऱ्यांना वस्तू देतं. डोरीन वर्षभर जमवत होती. ब्लँकेटं, टॉवेल, मणी, लहान मुलांना खेळणी. एकेकाचं नाव पुकारत होते. शेवटी माझं नाव आलं. दुबईहून आलेली आमची गणिताची टीचर, असं म्हणाले.

तिनं माझ्यासमोर एक मोठं लोकरी ब्लँकेट धरलं. लाल, काळ्या पट्ट्यांचं. इतकं सुंदर की माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नको नको, एवढं कशाला, प्लीज, मी नाही घेऊ शकत." छातीवर हात ठेवून दोन पावलं मागेही सरकले. तुम्हाला माहीत आहे ना, आपल्यात कसं असतं. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा कशाला म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. आजी कुणाकडे गेली की पाणीसुद्धा तिसऱ्या खेपेलाच पिते. मी डोरीनच्या आग्रहाची वाट बघत उभी राहिले.

तिनं आग्रह केला नाही. माझ्याकडे बघितलं, ब्लँकेटची घडी घातली आणि ते पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांना दिलं. सगळी जिम बघत होती.

त्यानंतर ती वर्गात आलेली नाही. वाटेत भेटली तर "ओकी" म्हणते, म्हणजे नमस्कार, आणि पुढे जाते. तिच्याशिवाय माझा वर्ग परत इंग्रजीत चालू आहे. ती भाषा मला येत नाही, मी फक्त तिनं दिलेले शब्द फळ्यावर धरत होते. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही ते फेब्रुवारीत ठरेल. आणि ती नसेल तर मी इथे कशासाठी आहे?

काय करू ते सांगा.

ईशानी

---

अल बर्शा
२३ डिसेंबर २०२४

चि. ईशानी हिस आशीर्वाद.

रडत बसू नकोस. यात कठीण काही नाही. त्यांनी मांडवात सर्वांसमोर दिलं, तू घेतलं नाहीस, मान दुखावला. आता मान परत द्यायचा. तू निघताना आजीनं तुला चांदीचा हळदीकुंकवाचा करंडा दिला होता. तो घे, त्यांच्यापुढे वाक, दोन्ही हातांनी दे. त्यांच्या ब्लँकेटपेक्षा सरस वस्तू आहे. एवढा परतीचा आहेर झाला की कुणाच्या मनात काही उरत नाही. बघ, जानेवारीत बाई वर्गात हजर.

आजी स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणत होती, पण एक्झॉस्ट फॅनच्या आवाजात ऐकू आलं नाही. तिचा आशीर्वाद आहेच.

झालं की लगेच कळव. इन्शाल्ला सगळं सुरळीत होईल.

तुझा,
आजोबा

---

ब्राउनिंग
११ जानेवारी २०२५

ती. आजोबांस सा. न.

सोमवारी शाळा उघडली. मी करंडा दिला, तुम्ही सांगितलंत तसाच. डोरीननं घेतला. नको म्हणाली नाही. उघडून कुंकवाचा वास घेतला, थँक यू म्हणाली आणि कोटाच्या खिशात टाकला. वर्गात आली नाही.

आणि काल, शुक्रवारी, जेवणाच्या वेळी तिनं तो आमच्या शाळेच्या स्वयंपाकीणबाईंना देऊन टाकला. सगळ्यांसमोर. त्यांची मुलगी बऱ्याच वर्षांनी घरी परत आली म्हणून.

आजीचा करंडा, आजोबा. पाच दिवससुद्धा ठेवला नाही.

मी गाडीत जाऊन बसले. प्लग न काढताच गाडी सुरू करून निघाले आणि वायर ताणून तुटली. बाबांना विचाराल का, तिकडे एखाद्या शाळेत जागा आहे का? जूनपर्यंत थांबेन. मग खलास.

ईशानी

---

अल बर्शा
१९ जानेवारी २०२५

चि. ईशानी हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी एक उत्तर लिहिलं होतं. ते फाडलं. त्यात डोरीनबाईंबद्दल जे होतं ते माझ्या वयाला शोभणारं नव्हतं.

काल आपल्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. बावीस बायका आल्या. मला बेडरूममध्ये कोंडलं होतं, पण ऐकू सगळं येतं. आजीनं या वर्षी स्टीलच्या झाकणाच्या डब्या लुटल्या. समोरच्या फ्लॅटमधली शहनाझ दरवर्षीप्रमाणे आली. तिनं आजीला सांगितलं, "आंटी, पिछले साल की पीतल की कटोरी मैंने अपनी बहन को दे दी, हैदराबाद में. उसको बहुत पसंद आई." आणि आजी खूश होऊन म्हणाली, "अच्छा किया."

बायका गेल्यावर आजी आत आली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, ती खुर्ची ओढून बसली की मी टीव्ही बंद करतो. ती म्हणाली, त्या दिवशी मी एक्झॉस्टखालून हेच ओरडत होते. आता ती सांगते तसं लिहितो. मधे माझं काही घालायचं नाही अशी ताकीद आहे.

"ईशू, तुझ्या आजोबांनी तुला चुकीचं सांगितलं. त्या बाईनं दिला तो आहेर नव्हता. आहेर आपण लिहून ठेवतो, म्हणून तो फेडावा लागतो. वाण कुणी लिहितं का? आपल्या घरी आनंद आहे, उंबऱ्यात आली तिला द्यायचं आणि मोकळं व्हायचं. वाणाला कुणी नको म्हणत नाही. मी पाण्याला तीनदा नको म्हणते, पण वाणाला कधी म्हटलेलं तू बघितलं आहेस का? पदर पुढे करायचा. तू वाण नाकारलंस, आणि वर ते फेडायला गेलीस. तरी ती किती चांगली बघ, तुझा करंडा तिनं घेतला आणि लेक घरी आली त्या घरी दिला. माझा करंडा योग्य ठिकाणी गेला. मला त्याचं काही वाटत नाही, तूही वाटून घेऊ नकोस. रथसप्तमीपर्यंत संक्रांत असते. काय करायचं ते तुला कळतं."

एवढं बोलून ती डब्यांचा खोका आवरायला गेली. मी अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकीच्या जोडलेल्या वायरी शोधत आलो, आणि ही मीच उलटी जोडली.

वायर बदललीस का? नवीन घे, चिकटपट्टी गुंडाळून चालवू नकोस. लवकर लिही.

तुझा,
आजोबा

---

ब्राउनिंग
९ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबा आणि आजी यांस सा. न.

रथसप्तमीच्या दिवशी, ४ तारखेला, मी शाळेत वाण लुटलं.

इथे गूळ मिळत नाही. ब्राउन शुगरमध्ये तीळ घातले, ते दगड झाले. साठ जोड्या लोकरी मोज्यांच्या आणल्या. प्रिन्सिपल म्हणाले, एक दिवस थांब, उद्या कर, पण मी म्हटलं आज संक्रांतीचा शेवटचा दिवस आहे. दाराशी उभी राहिले आणि जो येईल त्याला एक लाडू, एक मोज्यांचा जोड. मुलं, बसचा ड्रायव्हर, स्वयंपाकीणबाई. कुणीही नको म्हणालं नाही, आजोबा. एकही माणूस.

दुपारी डोरीन नातीला न्यायला आली. मी लाडू आणि मोजे तिच्यापुढे धरले. तिनं दोन्ही हातांनी घेतलं. लाडू तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि म्हणाली, "हा दातांना शिक्षा म्हणून देतात का?" मग विचारलं, हे काय आहे. मी आजीनं सांगितलं तसं सांगितलं.

ती म्हणाली, "हे सगळं तुमच्यात आहे, तर मग त्या दिवशी नको का म्हणालीस?"

मी तिला ते तीन वेळांचं सांगितलं. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा कशाला, तिसऱ्यांदा घ्यायचं. आणि मी तुझ्या आग्रहाची वाट बघत होते, म्हणाले. आधी तिला कळलंच नाही. मग ती हसायला लागली. इतकी हसली की स्वयंपाकीणबाई हात पुसत बाहेर आल्या, तर त्यांना परत पहिल्यापासून सांगितलं.

मग ती बाकावर बसली आणि हळू बोलली. जसंच्या तसं लिहिते.

"आमच्याकडून जमीन घेतली, इन्नी घेतले, मुलं घेतली. असं वाटून द्यायलासुद्धा सरकारनं बंदी घातली होती. दिलं तर रेशन बंद, तुरुंग. माझी पणजी लपून द्यायची, अंधारात, एका घरातून दुसऱ्या घरात. म्हणून आमच्यात घ्यायला नको म्हणत नाहीत. तू माझ्या नातीच्या नावाला नको म्हणालीस असं वाटलं मला."

मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, सॉरी ठेव, उद्या आठला खडू तयार ठेव.

बुधवारी आठला पाच मिनिटं असताना ती वर्गात बसलेली होती. पायात माझे मोजे. त्या दिवशी आम्ही वीसपर्यंत गेलो, आणि मुलांनी वजाबाकी पिकानीत केली. डोरीन म्हणाली, तिच्या आजीनं तिला बेरीज शिकवली होती, वजाबाकी नाही.

शाळेनं अजून दोन वर्षांसाठी विचारलं आहे. मी हो म्हणाले. पहिल्याच वेळी. म्हणजे जूनमध्ये मी येत नाही. बाबांना जागा बघू नका म्हणावं.

आजी, तू रागावली नाहीस ना?

ईशानी

---

अल बर्शा
२३ मार्च २०२५

चि. ईशानी हिस आशीर्वाद.

अभिनंदन. थांबतेस ते फार चांगलं केलंस. आई दोन दिवस रुसली होती, आता शेजाऱ्यांना सांगत फिरते आहे. इकडे सर्व ठीक. आजी झोपली आहे, म्हणून तिचं काही लिहीत नाही. ती रागावलेली नाही.

घाईत आहे. पुढच्या वेळी सविस्तर.

आजोबा

---

ब्राउनिंग
२० जुलै २०२५

ती. आजोबांस सा. न.

तुम्ही माझ्या गाडीचं बॉनेट उघडता आणि स्वतःचं बंद ठेवता. आजी मार्चमध्ये बाथरूममध्ये पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, हे मला चार महिन्यांनी कुशलकडून कळतंय. "ग्रँडपा मेड मी प्रॉमिस," म्हणाला. आणि फोनवर आजी नेहमी कॅमेरा छताकडे का धरायची ते आता कळलं.

मी रागावले आहे. एवढं लिहून पुढे जाते, कारण सांगायचं आहे.

मागच्या आठवड्यात इथे मोठा मेळा झाला, चार दिवसांचा. सगळीकडून माणसं येतात, कॅनडातले भाऊबंदसुद्धा. त्यांच्या मधून कुणीतरी सरहद्द काढली, पण ढोल एकच आहे. आमच्या वर्गातली मुलं माइकवर वीसपर्यंत मोजून आली, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. डोरीननं पुन्हा माझं नाव पुकारलं. पुन्हा तसंच लाल ब्लँकेट. मी इतक्या झटकन हात पुढे केले की लोक हसले.

रात्री तिला आजीचं सांगितलं. ती म्हणाली, ठेव, नाहीतर जिला लागेल तिला दे. म्हणून पाठवते आहे. तिकडे पंचेचाळीस डिग्री आहे हे मला माहीत आहे.

ईशानी

---

अल बर्शा
१० ऑगस्ट २०२५

चि. ईशानी हिस अनेक आशीर्वाद.

तुझा राग बरोबर आहे. कळवलं असतं तर तू विमानात बसली असतीस आणि वजाबाकी राहिली असती, असा हिशेब मी केला. माझाच. आजीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तिला कळवा. पुन्हा असं करणार नाही.

आता ती वॉकर घेऊन हॉलमध्ये चार फेऱ्या मारते. फिजिओथेरपिस्ट पाच सांगते, पाचव्या वेळी आजी तिला चहा विचारते.

तुझा खोका गुरुवारी तुझ्या बाबांच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये आला. त्यांनीच तो खांद्यावर वर आणला, घामानं निथळत. आजी सोफ्यावर बसली होती. ब्लँकेट बाहेर निघालं, आणि माझ्या तोंडावर आलंच होतं, "अगं, एवढ्या गरमीत हे कशाला." शब्द दातांपर्यंत आले. मी गिळले. आजीनं दोन्ही हात पुढे केले. मग आम्ही एसी अठरावर नेला आणि ते तिच्या पायांवर घातलं. कुशल जवळ येऊन बसला, पट्ट्यांवरून हात फिरवत म्हणाला, "आजी, मला पण थोडं दे." मराठीत, बरं का.

ती तीन दिवस ते घेऊन बसली. काल शहनाझ सांगत होती, तिच्या अम्मीला हैदराबादहून इथे आणताहेत, सप्टेंबरात हृदयाचं ऑपरेशन आहे. शहनाझ गेल्यावर आजी ब्लँकेटची घडी घालायला लागली. मी म्हटलं, अगं, इतक्यात? नातीनं पाठवलेलं आहे, थोडे दिवस ठेव. ती म्हणाली, "ठेवलं तर ते नुसतं ब्लँकेट होईल, वाण राहणार नाही."

संध्याकाळी ती वॉकर घेऊन समोरच्या दारापर्यंत स्वतः गेली. ती पाचवी फेरी झाली. शहनाझ, बिचारी, "नहीं आंटी, नहीं, ये तो बहुत," म्हणून मागे सरकली. आजीनं तिला दारातच उभं करून डोरीनबाईंची सगळी गोष्ट सांगितली, पणजीपासून. मी मागे घडी धरून उभा होतो. शेवटी शहनाझनं दुपट्टा पुढे केला.

डोरीनबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्यांचं, कुत्र्याचं, तुझ्या नव्या वायरीचं लिही. आणि आजीला एकच जाणून घ्यायचं आहे, तेवढं विचारून लवकर कळव: स्वयंपाकीणबाईंकडचा करंडा आता कुणाकडे गेला?

तुझा,
आजोबा